दोन इंचांचा मासा, साडेचारशे लिटर पाणी

गेल्या वर्षी गणपती उठले आणि दोनच दिवसांनी शेजारच्या काकांनी सकाळी साडेसातला आमचं दार वाजवलं. हातात मोजायची टेप होती. "दिवाळीला मुलगा येतोय. अरोवाना घेऊन देतो म्हणतोय. टँक कुठे बसेल, जरा बघायला येतेस का?" मी बावीस वर्षं घरात मासे पाळते हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात.

काकांनी टीव्हीशेजारची मोकळी जागा आधीच मोजून ठेवली होती. तीन फूट दोन इंच. "म्हणजे तीन फुटांचा टँक आरामात बसेल," ते म्हणाले. मी विचारलं, "काका, मासा केवढा होतो ते विचारलंत का?" त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. दुकानातल्या टँकमध्ये त्यांनी तेवढाच पाहिला होता.

बहुतेक घरांत मासा असाच येतो. आधी घरातला रिकामा कोपरा, मग त्या कोपऱ्यात मावेल तो टँक आणि सगळ्यात शेवटी, त्या टँकमध्ये उठून दिसेल तो मासा. हा क्रम उलटा करायला हवा. आधी मासा, तोही पिशवीतला नव्हे, तीन वर्षांनंतरचा. मग त्याला लागेल ते पाणी. मग ते पाणी पेलेल अशी जागा. जागा नसेल तर मासा बदलायचा, पाणी कमी करायचं नाही. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझा एक ऑस्कर वाचला असता.

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला मी दोन टायगर ऑस्कर आणले होते, दोन-दोन इंचांचे. काळ्या अंगावर नारिंगी नक्षी, शेपटीशी डोळ्यासारखा गोल ठिपका. सोबत दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक. दुकानदाराने खात्रीने सांगितलं, "मासा टँकएवढाच वाढतो." हे वाक्य आजही सगळीकडे ऐकू येतं. मला त्याचा राग येतो, कारण ते ऐकून माणूस निर्धास्त होतो.

ऑस्कर अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा आहे. नीट खायला मिळालं तर पहिल्या वर्षात महिन्याला साधारण एक इंच वाढतो आणि फूटभर होतो. दहा-बारा वर्षं जगतो. माझे दोघे आठव्या महिन्यात आठ इंचांचे झाले, आणि टँकची रुंदी बारा इंच. वळताना शेपूट मागच्या काचेला आणि तोंड पुढच्या काचेला लागायचं. मी आठवड्याला पाणी बदलत होते, तरी तिसऱ्या दिवशी ते गढूळ दिसायचं. एका सकाळी मोठ्याच्या कपाळावर खड्या मिठाच्या कणाएवढे तीन खळगे दिसले. महिन्याभरात ते वाटाण्याएवढे झाले. पाणी दीर्घकाळ खराब राहिलं आणि खाणं निकस असलं की ऑस्करला हे फार होतं. तो तळाशी एका कुशीवर पडून राहायला लागला. मी काचेजवळ गेले की डोळा माझ्याकडे वळायचा, शरीर हलायचं नाही. पंधराव्या महिन्यात तो गेला. लेकीने विचारलं, "आई, त्याला काय झालं होतं?" आणि माझ्याकडे खरं उत्तर होतं, पण ते मी तिला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

टँकएवढाच वाढतो या समजुतीत अर्धं निरीक्षण आहे. लहान टँकमध्ये मासा खुरटतो हे खरं. पण तो जागा बघून समंजसपणे थांबत नाही. त्याच्याच मलमूत्राने भरलेल्या पाण्यात त्याचं शरीर वाढू शकत नाही. खुरटलेला मासा ओळखता येतो: अंगाच्या मानाने डोळे मोठे, पाठ कधी वाकडी, आणि आयुष्य ठरल्यापेक्षा बरंच कमी.

दुसरी चूक हिशोबाची आहे, आणि ती शिकलेली माणसंही करतात. दोन इंचांचा मासा बारा इंचांचा झाला म्हणजे सहापट झाला, असं आपण धरतो. पण तो लांबीत वाढतो तसा जाडीत आणि उंचीतही वाढतो. सहा गुणिले सहा गुणिले सहा. वजन दोनशे सोळा पट होतं. चार-पाच ग्रॅमचं पिल्लू एक किलोच्या आसपास जातं. तेवढं खातं, तेवढी घाण करतं, तेवढा प्राणवायू ओढतं. माझ्या दोन फुटी टँकमध्ये काठोकाठ भरूनही जेमतेम छप्पन लिटर पाणी मावायचं. एका मोठ्या ऑस्करला मी आता चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच यापेक्षा लहान टँक सांगत नाही. त्यात साडेचारशे लिटर मावतं.

या तीन मापांत सर्वांत दुर्लक्षित माप रुंदीचं. दुकानात टँक समोरून बघतात, त्यामुळे लांबी आणि उंची डोळ्यांत भरते. मासा मात्र वळतो रुंदीत. पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीहून जास्त रुंदी आणि तीन-चार पट लांबी असेल तर त्याला पोहता येतं. उंचीने मोठ्या माशाला फारसं काही मिळत नाही, खर्च मात्र वाढतो.

खर्च का वाढतो, हे मला भवानी पेठेतल्या एका गाळ्यात कळलं. तिथले काका तीस वर्षं काचेचे टँक जोडतात. आमच्या शेजारच्या काकांना घेऊन मी त्यांच्याकडे गेले तेव्हा एक चारफुटी टँक जोडायचं काम चालू होतं. कडेपासून ठरावीक अंतरावर मास्किंग टेप लावून घेतलेली. सिलिकॉनची नळी बंदुकीत भरून त्यांनी एका दमात खालची कड ओढली, मध्ये हात न थांबवता. थांबलं की तिथे हवा राहते आणि गळती तिथूनच सुरू होते. मग दोघांनी मिळून बाजूची काच उभी केली. ती खाली टेकल्यावर त्यांनी दाबली नाही, नुसती बसू दिली. "दाबली तर सगळं सिलिकॉन बाहेर येतं, काचेला काच लागते. मधे थर राहायला पायजे, ताई." गाळ्यात व्हिनेगरसारखा आंबट वास भरला होता. बोटाने कड पुसून त्यांनी ओल्या सिलिकॉनवरूनच टेप सोलली आणि खाली सरळ, चकचकीत रेघ राहिली.

बाथरूमसाठी मिळतं ते बुरशीनाशक मिसळलेलं सिलिकॉन टँकला कधीही वापरू नये. ते औषध पाण्यात उतरतं आणि मासे मरतात. घरी दुरुस्ती करणाऱ्यांचा घात बऱ्याचदा इथे होतो.

उंचीचं गणित त्यांनी आपल्या भाषेत सांगितलं: "लांबी कितीपण वाढवा, काचेला फरक थोडा. उंची वाढवली की काच फुगते." भौतिकशास्त्र हेच सांगतं. पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर ठरतो. चार फूट लांब आणि दोन फूट उंच टँकच्या फक्त समोरच्या काचेवर पाणी सव्वादोनशे किलोचा रेटा देतं. उंची अर्ध्या फुटाने वाढवली की तोच रेटा साडेतीनशे किलोवर जातो. म्हणून अशा टँकला बारा मिलिमीटरची काच आणि वरच्या कडेने आतल्या बाजूला आडव्या पट्ट्या. काच साधी वापरतात, टफन्ड नाही. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि फुटली तर एकदम सगळीच चुरा होते.

आमच्या काकांनी वहीत सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "आणि अरोवानाला?"

अरोवानाबद्दल लिहिताना मला थांबावं लागतं, कारण तो मला फार आवडतो. तलवारीसारखं सरळ अंग, नाण्याएवढे खवले, हनुवटीला दोन मिशा, पाण्याच्या पृष्ठभागाखालून आवाज न करता जाणं. आपल्याकडे दुकानांत बहुतेक मिळतो तो अ‍ॅमेझॉनचा चंदेरी अरोवाना. पूर आलेल्या जंगलात तो पाण्याबाहेर उसळी मारून फांदीवरचे किडे टिपतो. नर अंडी आणि पिल्लं महिना-दोन महिने स्वतःच्या तोंडात सांभाळतो. त्या काळात तो जवळजवळ काही खात नाही. व्यापारासाठी पिल्लं हवी असतात म्हणून तिथे नेमके असे पिल्लं सांभाळणारे नर पकडले जातात. पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असलेलं पिल्लू दुकानात दिसतं, ते अनेकदा असं आलेलं असतं.

दुसरा आशियाई अरोवाना, लाल किंवा सोनेरी. चिनी लोक त्याला ड्रॅगनचं रूप मानतात आणि घरात भरभराट येते म्हणून पाळतात. ही श्रद्धा आता आपल्या बंगल्यांच्या दिवाणखान्यांतही पोहोचली आहे. जंगलात हा मासा संकटात असल्यामुळे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस करारात 1975 पासून तो सर्वांत कडक यादीत आहे. नोंदणीकृत शेतीत जन्मलेला, अंगात मायक्रोचिप बसवलेला मासाच कायदेशीर विकता येतो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर साइटिसच्या यादीतला प्राणी घरात असेल तर सरकारकडे त्याची नोंद करावी लागते. दुकानदाराने कागद दाखवले नाहीत तर तिथून निघून यावं.

घरात अरोवाना दोन फुटांचा सहज होतो, चंदेरी त्याहूनही मोठा. त्याला सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच ही मी किमान मापं मानते. वर घट्ट, वजनदार झाकण. अरोवाना टँकबाहेर उडी मारून जमिनीवर मेलेला सापडला, ही गोष्ट मी इतक्या घरांतून ऐकली आहे की झाकणाशिवाय त्याला ठेवणं मला निष्काळजीपणा वाटतो.

आता वजन. या मापात हजारावर लिटर पाणी मावतं, म्हणजे एक टन. काच दीडशे किलोच्या पुढे. स्टँड, वाळू, फिल्टर धरून तेराशे किलो, तेही पंधरा चौरस फुटांवर. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकांप्रमाणे चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापराचा भार धरून बांधतात. हा भार सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे चारफुटी टँक बीमच्या वर किंवा भिंतीला लागून ठेवला तर बहुधा चालतो. सहाफुटी टँकला मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात घालू नये. शेजाऱ्याच्या सांगण्यावर तर मुळीच नाही, मग ती शेजारीण मी असले तरी.

काका सहाव्या मजल्यावर राहतात. त्यांनी घरी जाऊन लिफ्ट मोजली. सहाफुटी काच लिफ्टमध्ये जात नव्हती आणि जिन्याच्या वळणावर फिरत नव्हती. रात्री त्यांचा फोन आला. "इंजिनिअरला नाही विचारलं मी. मलाच नको वाटतंय. हा प्राणी आपल्या घरातला नाही."

काही मासे तर कुणाच्याच घरातले नसतात. कुर्ल्याच्या दुकानांत मी दर काही महिन्यांनी जाते. तिथे रेडटेल कॅटफिश तीन इंचांचा असतो. काळं अंग, पांढरा पट्टा, लाल शेपटी, दिसायला अत्यंत गोजिरा. हा चार फुटांपर्यंत वाढतो. त्याच रांगेत 'शार्क' म्हणून चंदेरी, भित्री पिल्लं विकायला असतात. तो शार्क नव्हे, मेकाँग नदीतला पंगस आहे, आणि तोही चार फूट वाढतो. हॉटेलात 'बासा' म्हणून आपण हाच मासा खातो. आंध्र प्रदेशात तळ्यांमध्ये त्याची शेती होते. काचेत त्याचे हाल होतात, कारण तो कळपाने लांब पोहणारा आहे. घाबरला की सरळ काचेवर जाऊन आपटतो, नाक फुटतं, बरं होतं, पुन्हा फुटतं. या दोघांसाठी योग्य टँक कोणता, असं मला विचारलं की मी एकच उत्तर देते: घेऊ नका. काही वेळा समोरचा नाराज होतो, तरीही.

मोठ्या माशाला पाणी किती लागतं हे मला कुठल्याच टँकसमोर नीट समजलं नव्हतं. ते समजलं वाळण कोंडीला. महाड तालुक्यात काळ नदीच्या पात्रात हा खोल डोह आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे, म्हणून त्यांना कोणी धरत नाही. मासे महाशीर. आपल्या दख्खनी महाशीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1839 मध्ये कर्नल साइक्सने केलं, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज मुळा-मुठेच्या काठाने जाताना हे आठवलं की पोटात तुटतं.

मी मूठभर चुरमुरे टाकले. आधी काहीच नाही. मग हिरव्या पाण्याखाली सावल्या सरकल्या आणि माझ्या हाताएवढा एक मासा वर आला. तोंड जाड, ओठ मांसल, खवल्यांच्या कडा तांबूस. त्याने एक चुरमुरा घेतला आणि तो वळला. त्या वळणाला त्याने किती पाणी घेतलं ते मी काठावरच्या दगडांवरून अंदाजे मोजलं: पाच फूट. एका वळणाला पाच फूट. त्यात घाई नव्हती, काही टाळायचं नव्हतं. माझ्या गेलेल्या ऑस्करला पंधरा महिन्यांत एकही असं वळण मिळालं नव्हतं. मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

टँक चुकला आणि मासा वाढला की लोक काय करतात? काही जण दुकानात परत देतात, दुकानदार घेत असेल तर. बरेच जण जवळच्या तळ्यात सोडतात. त्यांना वाटतं आपण जीव वाचवला. श्रीनगरच्या दल सरोवरात 2023 च्या मे महिन्यात अ‍ॅलिगेटर गार सापडला. हा उत्तर अमेरिकेतला, मगरीसारख्या जबड्याचा शिकारी मासा, कोणाच्या तरी काचपेटीतून आलेला असणार. टँकची काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर तर देशभरच्या नद्या-तलावांत पसरला आहे. भीमेवरच्या उजनी जलाशयातही तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, काटेरी परांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. दिवाणखान्यातल्या चुकीचा भुर्दंड भीमेवर पोट असणाऱ्या माणसाने का भरायचा? मासा सांभाळता येत नसेल तर ज्याच्याकडे मोठा टँक आहे तो माणूस शोधावा. ते कष्टाचं काम आहे, पण मासा आपण आणलेला असतो.

काकांनी एकच ऑस्कर घ्यायचं ठरवलं. काकूंनी एकच प्रश्न विचारला: घर शाकाहारी आहे, त्याला कोळंबी घालावी लागेल का? चांगल्या पेलेटवर ऑस्कर उत्तम राहतो, हे सांगितल्यावर त्यांनी टीव्ही दुसऱ्या भिंतीला हलवायला परवानगी दिली. चारफुटी टँक बीमच्या रेषेत, भिंतीला लागून बसला. खाली लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवुड, त्यावर थर्माकोलचा पत्रा, म्हणजे बारीकसारीक उंचसखलपणा काचेला बाधत नाही. भवानी पेठेतल्या काकांनी स्पिरिट लेव्हल तीनदा ठेवून पाहिली. स्टँडच्या पोटात सम्प, म्हणजे फिल्टरची दुसरी छोटी पेटी. तासाला निदान पाच वेळा सगळं पाणी त्यातून फिरेल एवढा पंप. वीज गेली तर चालेल असा बॅटरीवरचा बबलर, कारण आमच्याकडे गुरुवारी वीज जाते.

पाणी भरलं ते नरक चतुर्दशीच्या चार दिवस आधी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपो घातलं. मासा नाही घातला. मुलगा आला, त्याला फारच आश्चर्य वाटलं. फराळाला आलेला प्रत्येक जण रिकाम्या टँकसमोर उभा राहून विचारायचा, "मासे कुठायत?" आणि काका चिवडा पुढे करत समजावून सांगायचे. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. तो माशाचे कल्ले जाळतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासा बऱ्यापैकी सोसतो आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदललं की आटोक्यात राहतं. या जिवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा आणला तर तो विषातच राहतो. नवा टँक, दुसऱ्या आठवड्यात मेलेले मासे आणि "आमच्या हाताला मासे लाभत नाहीत" हा निष्कर्ष, याच्यामागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं.

काका रोज चिमूटभर पेलेट रिकाम्या पाण्यात टाकायचे, जिवाणूंना खाणं म्हणून. मी माझ्या जुन्या फिल्टरचा स्पंज त्यांच्या सम्पमध्ये ठेवला, त्याने काम लवकर झालं. बँकेच्या लेजरसारखी त्यांनी वही घातली: तारीख, अमोनिया, नायट्राइट. परीक्षानळीत थेंब टाकायचे, खिडकीच्या उजेडात धरायचं. आधी हिरवट, मग फिकट, मग स्वच्छ पिवळा. सलग चार दिवस दोन्ही आकडे शून्य आले तेव्हा त्यांनी सकाळी साडेसातलाच माझं दार वाजवलं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी आम्ही ऑस्कर आणला. दोन इंचांचा. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, मग थोडं थोडं टँकचं पाणी आत सोडलं, मग पिशवी तिरकी केली. तो बाहेर पडला, तळाशी गेला, आणि दिसेनासा झाला. सोसायटीतली सात-आठ मुलं काचेला नाक लावून उभी होती. "रिकामाच आहे," एक जण म्हणाली. "एवढ्याशा माशाला एवढा मोठा टँक कशाला हो आजोबा?"

काकांनी काही उत्तर दिलं नाही. ते गुडघ्यांवर बसले आणि मागच्या कोपऱ्यातल्या दगडाकडे बोट दाखवलं. दगडामागून आधी नारिंगी ठिपका दिसला, मग शेपूट, मग सगळा मासा. त्याने काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं. तिथे पोहोचायला त्याला बराच वेळ लागला.